मोंतायू: दोरा, पुडी आणि विरजण

दक्षिण फ्रान्समधल्या एका तटबंदीच्या गावात, मॅग्नेट आणि प्लॅस्टिकच्या तलवारी विकणाऱ्या दुकानाला लागून एक खासगी प्रदर्शन आहे. काचेमागे लोखंडी पट्टा, त्याला कुलूप. खाली पाटी: धर्मयुद्धावर निघालेला नवरा बायकोला हा पट्टा घालून चावी सोबत नेत असे. धादांत खोटं. धर्मयुद्धांच्या काळातला असा एकही पट्टा सापडलेला नाही. याचं सर्वांत जुनं प्रसिद्ध चित्र 1405 च्या सुमाराचं आहे. कोनराड कायसर या जर्मन माणसाने युद्धयंत्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात फ्लोरेन्सच्या बायकांच्या नावावर खपवलेली ती एक थट्टा आहे. साधा हिशोब करा ना: लोखंड दिवसरात्र अंगाला घासत राहिलं तर आठवडाभरात जखमा होणार आणि त्या चिघळणार. तरीही त्या काचेसमोर रांग होती, आणि तिकीट काढून मीही त्या रांगेत होतोच.

पुढच्या दोन दिवसांत बुरूज, ऊन आणि गर्दी यापलीकडे काही नाही. लिहायचंय ते मोंतायू या डोंगरातल्या खेड्याबद्दल.

तुलूझहून रेल्वेने आक्स-ले-तेर्म. तिथे भर चौकात तेराव्या शतकातला गरम पाण्याचा हौद आहे, मूळचा कुष्ठरोग्यांसाठी बांधलेला. आता पर्यटक त्यात पाय सोडून बसतात. तिथून मोंतायूकडे रेल्वे जात नाही. शिउलाची 1,431 मीटर उंचीची खिंड ओलांडायची, प्राद गाव मागे टाकायचं, की मोंतायू येतं. टेकडीवर किल्ल्याची पडकी भिंत, खाली मोजकी घरं. दुकान शोधू नका, पाणी-खाणं आक्सहूनच आणा. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे जेमतेम अडीचशे माणसं होती, आणि त्यांच्या अंथरुणातलं आपल्याला जितकं माहीत आहे तितकं त्या काळच्या राजाराण्यांचंही माहीत नाही.

त्याला कारण झाक फुर्निए, पामिएचा बिशप, जो 1334 मध्ये पोप झाला. कॅथार पाखंड, म्हणजे चर्चने खोटा ठरवलेला एक ख्रिस्ती पंथ, शोधून काढण्यासाठी 1318 ते 1325 या काळात त्याने 370 दिवस चौकशा चालवल्या. साक्षी गावच्या ऑक्सितान बोलीत, नोंद लॅटिनमध्ये. कोण कोणाच्या घरी जेवलं, कोण कोणाजवळ निजलं, सगळं विचारून घेतलं. ती नोंदवही आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. साक्षी भीतीपोटी दिलेल्या आहेत, हे वाचताना विसरून चालत नाही. पण पाखंडाच्या आरोपातून सुटायला दुधाची आणि पुडीची गोष्ट कोणी रचून सांगणार नाही.

घराचा जीव म्हणजे चुलीची खोली. त्याभोवती निजायच्या खोल्या, तळघर, आणि हिवाळ्यात उबेसाठी गुरंही त्याच छपराखाली. एकांत नावापुरताच. एका घराच्या छपराची कड डोक्याने उचलून आत डोकावता येत असे, असं साक्षीतच आहे. आंघोळ क्वचितच. मायेची रीत म्हणजे उवा काढणं: उन्हात, दारात, चुलीपुढे, अंथरुणात. उवा बायका काढायच्या. आई लेकरांच्या, लेक आईच्या, आणि प्रेयसी प्रियकराच्या.

गावचा पाद्री प्येर क्लेर्ग अशाच उवा काढून घ्यायचा बेआत्रीस द प्लानिसोलकडून. ती किल्लेदाराची विधवा. 1300 च्या आसपास दोनेक वर्षं तो आठवड्यातून दोन-तीन रात्री तिच्याकडे यायचा. एकदा तर प्रादच्या सेंट पीटरच्या चर्चमध्येच त्याने अंथरूण घातलं. इथे कसं, असं तिने विचारलं, तर सेंट पीटरचं असं काय मोठं नुकसान होणार आहे, हे त्याचं उत्तर.

दिवस गेले तर काय, ही तिची धास्ती. त्यावर त्याच्याकडे एक वनस्पती होती. तागाच्या कापडात बांधलेली, करंगळीच्या पहिल्या पेराएवढी पुडी, तिला लांब दोरा. जवळ येण्याआधी तो दोरा तिच्या गळ्यात घालायचा. पुडी दोन स्तनांमधून खाली, जठराच्या तोंडाशी यायला हवी. त्याच रात्री पुन्हा जवळ यायचं झालं तर आधी पुडी कुठे आहे ते विचारायचा. ती दोऱ्याने चाचपून ती त्याच्या हातात द्यायची आणि तो स्वतः ती जागेवर ठेवायचा. सकाळी उठताना काढून घ्यायचा.

बेआत्रीसचा अंदाज असा, की गुराखी रेनेट घातलेल्या दुधाच्या कढईवर टांगतात तीच ही वनस्पती. ती टांगली की दूध थिजत नाही. वाचताना हसू येतं, पण यामागे त्या काळचं रीतसर शरीरशास्त्र आहे. रेनेट म्हणजे दूधपित्या वासराच्या जठरातला पदार्थ. तो कोमट दुधात पडला की दूध घट्ट होतं, पाणी सुटतं आणि चीज धरतं. पुरुषाचं वीर्य स्त्रीच्या रक्ताला असंच थिजवतं आणि त्याचा गर्भ धरतो, हे ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलं मत. आपल्या भाषेत, दुधाला विरजण लागावं तसं. मग कढईवर जे चालतं ते पोटावर का चालू नये? तर्कात खोट नाही. खोट पायातच आहे, कारण गळ्यातल्या पुडीने ना दूध थिजायचं थांबतं ना गर्भ राहायचा. जोखीम मात्र सगळी बेआत्रीसची.

एकदा तिने म्हटलं, ही पुडी माझ्याजवळच राहू दे. क्लेर्गने साफ नकार दिला: तू ती दुसऱ्या पुरुषासाठी वापरशील. त्याचा रोख स्वतःच्या चुलतभावावर होता. त्या भावाने आधी बेआत्रीसवर बळजबरी केली होती आणि ती विधवा झाल्यावर तिला ठेवलं होतं. हे वाचल्यावर त्या काचेमागच्या कुलपाची चीड आणखीच येते. खरी चावी अशी होती: दोऱ्याची, रोज सकाळी परत घेतली जाणारी.

क्लेर्गचं प्रस्थ नुसत्या गोड बोलण्यावर नव्हतं. कोणाचं नाव चौकशीवाल्यांपर्यंत जाणार हे त्याच्या हातात होतं. ग्राझीद लिझिए चौदा-पंधरा वर्षांची असताना तो तिच्या आईच्या घरी शिरला. पुढे त्यानेच तिचं लग्न लावून दिलं आणि नवऱ्याच्या संमतीने संबंध चालू ठेवला. 1320 मध्ये बिशपने तिला विचारलं, हे पाप वाटलं नाही का? दोघांना आवडत होतं तोवर नाही, ती म्हणाली; आता आवडणार नाही, तेव्हा आता केलं तर पाप. प्रेमकथा शोधणारे हे उत्तर मोठ्या कौतुकाने सांगतात. आधीचं वय सांगायला मात्र विसरतात.

गावाच्या खाली कार्नेसच्या माउलीचं जुनं, बुटकं दगडी चर्च आहे. क्लेर्गने आपल्या आईला तिथे वेदीखाली पुरलं. तो स्वतः कैदेत मेला.

बेआत्रीस त्याच 1320 च्या उन्हाळ्यात पळून जाताना पकडली गेली. तिच्या सामानाची यादी नोंदवहीत आहे. नातवंडांच्या वाळलेल्या नाळा, खटला जिंकण्यासाठी. लेकीच्या पहिल्या पाळीच्या रक्ताचं फडकं, जावयाला पाजलं तर तो दुसरीकडे बघणार नाही म्हणून. पण पाजायची वेळ आलीच नाही. डोकेदुखीवर धूप. आरसा, छोटी सुरी, भाकरीचा वाळका तुकडा. नातवाच्या फेफऱ्यासाठी मलमलीत बांधलेलं कसलंसं बी. एकेक वस्तू पुढे ठेवून तिला जाब विचारला गेला. 1321 मध्ये तुरुंग, आणि 1322 मध्ये पाखंडाची खूण म्हणून कपड्यांवर पिवळे क्रूस शिवायच्या अटीवर सुटका.

दोऱ्याची पुडी त्या यादीत नाही.