कापलेल्या पट्टीवरचं ‘प्रिल’

खोकल्याचा रुग्ण समोर बसला की पहिली दहा मिनिटं मी औषधाचं नाव मनात येऊ देत नाही, नुसती ऐकते. ठसका गळ्याच्या खळीतून उठतो की छातीच्या तळातून? कफ सुटतो की नुसती उबळ? आमच्या होमिओपॅथीत सगळी भिस्त या तपशिलांवर. करवत चालवल्यासारखा कोरडा खोकला असेल तर स्पॉन्जिया. छातीत घरघर आहे पण बेडका सुटत नाही, तर अँटिम टार्ट. खोकताना छाती दोन्ही हातांनी धरावी लागते आणि तहान तांब्या-तांब्याची, तर ब्रायोनिया. उशीला डोकं टेकलं की उबळीवर उबळ, तर ड्रोसेरा.

वाईजवळच्या एका गावातल्या आजी जूनच्या अखेरीस आल्या. वय ६६. खोकला सात महिन्यांचा.

“गळ्याच्या खळीत पीस फिरवल्यागत व्हतंय बघा. गार वारं लागलं की सुरूच. रातच्याला पदर तोंडावर घिऊन झोपती.”

गार हवेने वाढणारा, खळीतल्या गुदगुलीचा, तोंड झाकल्यावर शमणारा कोरडा खोकला म्हणजे आमच्या ग्रंथांत रुमेक्स. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातली वनस्पती. पुस्तकातलं चित्र इतकं नेमकं समोर येऊन बसणं वर्षातून एखाद्या वेळी घडतं. मी रुमेक्स ३० (म्हणजे तीस वेळा विरळ केलेलं) दिलं, चार-चार गोळ्या दिवसातून तीनदा, पाच दिवस.

त्यांच्याकडे आधीचे कागद होते. दोन आठवड्यांवरचा खोकला म्हटला की बेडका तपासायचाच. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून झाला होता, क्षयाचे जंतू नव्हते. एक्स-रे स्वच्छ. ताप नाही, वजन घटलेलं नाही, रक्त नाही. घरचे उपाय मात्र भरपूर झाले होते, आणि त्यातले बरेच या खोकल्याचे नव्हतेच. अडुळसा चिकट कफ सुटावा म्हणून घ्यायचा. त्यातल्या वासिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. जिथे कफच नाही तिथे अडुळशाने सुटायचं काय? सितोपलादी चूर्णाचंही तेच. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. म्हणजे निम्म्याहून अधिक साखर. मधात कालवून चाटलं की घसा घटकाभर निवतो, पण मधुमेहाच्या माणसाला ते चमचा-चमचा देणारे लोक पाहिले की जीव तुटतो. कोरड्या ठसक्याला खरा उपयोग होतो तो घशावर लेप धरणाऱ्या वस्तूंचा: झोपताना चमचाभर मध (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कधीच नाही), तोंडात खडीसाखर, कोमट पाण्याचे घोट. आणि ज्येष्ठमध.

पंधरा दिवसांनी आजी आल्या त्या हसतच. “रुपयात आठ आणं कमी हाय.” केसपेपरवर मी लाल शाईने लिहिलं: रुमेक्स, उत्तम. औषध थांबवलं, कारण सुधारणा चालू असताना डोस पुन्हा द्यायचा नाही, असं आम्हाला शिकवलं जातं.

ऑगस्टच्या मध्यावर त्या परत आल्या, खोकल्याने बेजार. मी रुमेक्सचीच २००ची पोटेन्सी (आणखी विरळ, आमच्या मते अधिक जोरदार) काढायला वळले, तेवढ्यात आजींनी कमरेचा बटवा सोडला, त्यातून ज्येष्ठमधाची काडी काढली आणि दाढेखाली धरली. एक टोक चावून कुंच्यासारखं झालं होतं.

“आजी, दिवसाला किती लागतात?”

“बोटायेवढ्या दोन-तीन. म्हैने झालं की. ह्येच्याबिगर निभतच न्हाई.”

मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. रक्तदाब १६८/९६.

केसपेपरवर ‘चालू औषधे’ या रकान्यात माझ्याच अक्षरात होतं: बीपीची गोळी. कुठली? “बारकी, पांढरी.” दुसऱ्या दिवशी नातू पट्टी घेऊन आला. मेडिकलवाल्याने सुट्या गोळ्या देताना कात्रीने अशी कापली होती की कंपनीने दिलेलं नाव निघून गेलेलं. सुट्या गोळ्या देताना नावाची बाजू कापून ठेवण्याची ही सवय मोडायलाच हवी. उजेडात धरून बघितलं तेव्हा कडेला बारीक अक्षरं दिसली: ‘प्रिल’. खाली ५ मि.ग्रॅ.

एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल हे सगळं एकच घराणं. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरच्या संशोधनातून आलेलं, आणि रक्तदाबासाठी, हृदयासाठी खरोखर गुणी. पण ज्या एन्झाइमला या गोळ्या अडवतात तेच शरीरातल्या ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचीही विल्हेवाट लावतं. ते अडलं की ब्रॅडिकायनिन श्वासमार्गात साठतं, तिथल्या मज्जातंतूंना सतत डिवचतं आणि कोरडा ठसका लागतो. बायकांना हे अधिक होतं. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी होतं, कधी काही महिन्यांनीही, म्हणून दोन्हींची सांगड कुणाला लागत नाही. आजींना दिवाळीत २.५ मि.ग्रॅ. रामिप्रिल सुरू झालं होतं. खोकला महिन्याभराने.

पुढचं मी कागदावर बाण काढत काढत जुळवलं. खोकला आला म्हणून ज्येष्ठमध. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन रोज, महिनोन् महिने पोटात गेलं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. चढला म्हणून तिकडे गोळी ५ची झाली. खोकला वाढला. ज्येष्ठमध वाढला. सात-आठ महिने हे रहाटगाडगं चाललं होतं आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. पोटॅशियम तपासून घेतलं: ३.२, खालची मर्यादा ३.५.

गोळी मी बंद केली नाही, कुणी स्वतःहून करूही नये. त्यांच्या फिजिशियनना चिठ्ठी लिहिली. त्यांनी त्याच दिवशी टेलमिसार्टन ही रक्तदाबाची दुसऱ्या घराण्यातली गोळी सुरू केली, रामिप्रिल थांबवलं. ज्येष्ठमधाचा बटवा मी ठेवून घेतला. पहिला आठवडा काही फरक नाही. बाराव्या दिवशी रात्रीची झोप लागली. चौथ्या आठवड्यात खोकला गेला, पायही उतरले. या काळात माझ्याकडून एकही गोळी नाही.

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी ‘ऑर्गेनन’ या आपल्या मूळ ग्रंथाच्या सातव्या परिच्छेदाच्या टिपेत हेच सांगितलंय: आजार टिकवून धरणारं कारण समोर असेल तर आधी ते दूर करा, उग्र वासाची फुलं खोलीबाहेर न्या, डोळ्यातला कण काढा. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं.

पण मला लिहायला बसवलं ते जुलैतल्या आठ आण्यांनी. आजी शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा मी विचारलं, मधे एकदा बरं वाटलं होतं ना?

“तवा मी जावळीत भनीकडं लावणीला गेलते. अकरा दिस ऱ्हायले. बीपीची गोळी हितंच इसरले.”

३०च्या पोटेन्सीत मूळ वनस्पतीचा कणही उरत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं. आमचा आधार एकच: रुग्ण नीट ऐकला, नोंद नीट केली, गुण आला. आणि इथे गोळी विसरल्याचा गुण मी लाल शाईने रुमेक्सच्या नावावर टाकला होता.

त्या रविवारी जुने केसपेपर काढले. कोरड्या खोकल्याचे, पन्नाशीपुढचे. दुपारपर्यंत १४ असे निघाले जिथे रकान्यात फक्त ‘बीपीची गोळी’ आहे. त्यातल्या सहांवर लाल शाईत ‘उत्तम’. ज्यांचे फोन नंबर अजून लागतात त्यांना एकेक करून पट्टी घेऊन बोलावते आहे. अख्खी पट्टी आणा, असं सांगते.