उसाच्या मळ्यातून सेमिनार हॉलमध्ये

आज होनोलुलूला हवाई युनिव्हर्सिटीच्या मानोआ कॅम्पसवर सेंटर फॉर कोरियन स्टडीजमध्ये एक लेक्चर ऐकलं, फ्री होतं, कोणीही या आणि बसा. 1972 सालचं सेंटर आहे हे. बिल्डिंग सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यातल्या दरबार हॉलवरून बांधलीये, छताखालच्या लाकडावर हिरवा, लाल, निळा असा दानचोंग रंगकाम की मान वर करून बघतच राहावं. मागे दोन कॉलेजच्या पोरी सेल्फीत गुंग, केड्रामा म्हणजे कोरियन सिरियल बघणाऱ्या असणार, पण नंतर प्रश्न सगळ्यात भारी त्यांनीच विचारले हां!

विषय होता पिक्चर ब्राइड्स, म्हणजे नुसत्या फोटोवरून लग्न ठरून कोरियातून इथे आलेल्या मुली. 13 जानेवारी 1903 ला गेलिक बोटीतून पहिले शंभरेक कोरियन इथे उतरले, 1905 पर्यंत सात हजारांच्या आसपास, बहुतेक एकटे पुरुष, उसाच्या मळ्यात राबायचे आणि पगार महिन्याला साधारण 16 डॉलर. मग 1910 पासून 1924 पर्यंत फोटो पाठवून लग्नं जमायची. कित्येकांनी तरुणपणीचा जुना फोटो पाठवलेला, धक्क्यावर उतरल्यावर मुलीसमोर डबल वयाचा नवरा उभा!! हॉल हसला, मला काही हसू आलं नाही. ऊस म्हटल्यावर मला आपले मॉरिशसला गेलेले मराठी लोकच आठवत होते सारखे.

आणि एवढ्याशा कमाईतून हे लोक जपानच्या ताब्यातल्या कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी वर्गणी काढायचे, बायकासुद्धा. यावर वक्त्या जेमतेम पाच मिनिटं बोलल्या, मला तर तेच तासभर ऐकायचं होतं. पुढच्या वेळी कोणी येतंय का सोबत?