आप्पांच्या ठेवपावत्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतल्या आमच्या घरात शिरले, तेव्हा आप्पांनी देव्हाऱ्यातल्या देवांपाठोपाठ एक पत्र्याची पेटी माळ्यावर नेली. तोवर तिचा तळ भिजला होता. पूर ओसरल्यावर त्यातल्या ठेवपावत्या उन्हात वाळत घालताना मला प्रथमच कळले, की शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होताना मिळालेली त्यांची जवळजवळ सगळी रक्कम एकाच पतसंस्थेत आहे आणि निम्म्या पावत्यांवर वारसाची नोंदही नाही.

त्यांना दोष देणे मला जमत नाही. संस्था गल्लीच्या तोंडाशी होती, व्याज बँकेपेक्षा दीड टक्का अधिक होते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला घरी येऊन पिग्मीची रोजची बचत नेणारा मुलगा आपलाच वाटणार. दोन वर्षांनी मात्र संस्थेने मुदत संपलेल्या ठेवी परत देणे थांबवले आणि पैसे अगदी थोडे थोडे हाती येऊ लागले.

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपये आहे. विमा उतरवलेल्या सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थांना नाही. हा फरक आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हता, आणि पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोन्हीकडे असतो.

परत आलेल्या पैशांपैकी ६ लाख आम्ही २०२३ मध्ये टपाल कार्यालयातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. साठी उलटलेल्यांसाठीची ही योजना पाच वर्षांची असून त्या एप्रिलपासून तिची कमाल मर्यादा १५ वरून ३० लाखांवर गेली होती. ८.२ टक्के दराने दर तिमाहीला १२,३०० रुपये येतात आणि खाते उघडतानाचा दर पाचही वर्षे बदलत नाही. वारस म्हणून आईचे नाव आप्पांनी अर्जात स्वतःच्या हाताने लिहिले.

खर्चाचा प्रश्न याहून अवघड निघाला. आप्पा उधळे कधीच नव्हते. पुतण्याच्या लग्नात मात्र त्यांनी आहेरासाठी हात सैल सोडला होता आणि स्वतःच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, ते पैसे नातवाच्या शिक्षणाला होतील म्हणून, तीन वर्षे पुढे ढकलली होती. काटकसर म्हणजे स्वतःला वगळणे, ही समजूत त्या पिढीत फार खोल रुजली आहे आणि आम्ही मुलांनी तिचे कौतुक करून ती अधिकच पक्की केली. शेवटी आईनेच जमाखर्चाच्या वहीत ‘आम्हां दोघांसाठी’ असा वेगळा रकाना आखला आणि व्याजाचे पैसे त्याच रकान्यात जमा करण्याचा आग्रह धरला.

‘उजवा डोळा’ ही त्या रकान्यातली पहिली नोंद आप्पांच्या अक्षरात आहे.