पऱ्या अडवण्याआधी

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पावसाळ्यात पाय टाकवत नाही आणि शिमग्यापर्यंत तिथे नुसते गोटे उरतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिलमध्ये टँकरची वाट बघायची, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरली, सुतळीने तोंडं शिवली, विटांसारखे सांधे चुकवत थर रचले. जागा रस्त्याजवळची घेतली, पोती न्यायला सोपी म्हणून. चार दिवसांत पाणी पोत्यांखालून निघून गेलं.

शेजारचे काका म्हणाले, "अरे, कातळ लागतो तिथे घाल की! आणि पाणी येतं कुठून, ते कधी वर जाऊन बघितलंयस?"

नव्हतं बघितलं. मग पऱ्यातूनच चालत सड्यापर्यंत, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळापर्यंत, गेलो. सड्यावरच्या जांभ्यातून पाणी मुरतं, खालच्या चिकण मातीवर अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. झऱ्याखाली १५ लिटरची बादली धरली, २० सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला जवळजवळ ६५ हजार लिटर, तेही एकाच झऱ्याचं! वाडीत घरं ३५. कितीतरी वेळ मी तिथेच बसून होतो.

येताना दगड उलटून पाहिले. पऱ्याच्या वरच्या भागात मेफ्लाय या किड्याची तीन शेपट्यांची पिल्लं आणि वाळूचे कण चिकटवून घर करणाऱ्या कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या अळ्या होत्या. त्यांना वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. कपडे धुतात त्या जागेच्या खाली मात्र बुळबुळीत शेवाळ आणि तांबड्या अळ्या. धुण्याचे दगड आता पऱ्यापासून लांब, माडांच्या आळ्यांजवळ हलवलेत. त्यासाठी घरोघर जावं लागलं आणि बंधाऱ्यापेक्षा तेच जास्त अवघड गेलं.

दुसरा बंधारा कातळावर घातला. दोन्ही टोकं काठात खोदून बसवली, वरच्या अंगाने चिखल लिंपला, मध्ये सांडव्याला जागा ठेवली. खालच्या विहिरीत एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी राहिलं.

मृगात चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात, त्यांना वाट मोकळी हवी. पहिल्या वर्षीची पोती काढायची राहिली होती, ती फाटून खाडीकडे गेली. ते अजून मनाला लागतं. यंदा मे संपायच्या आत सगळी मोजून काढली. भरली होती २१२, मिळाली २०९. उरलेली तीन शोधायला उद्या पुन्हा पऱ्यात उतरणार आहे.