नऊ सेकंद

काका जिना चढून वर आले तेव्हा त्यांच्या हातात ओली छत्री होती आणि खिशात एक पाकीट. बसायच्या आधी त्यांनी ते पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. वर त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘श्रींच्या चरणी’ लिहिलेलं, आत पाच हजार एक रुपये. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गणपती मंडळाची वर्गणी. आदल्या संध्याकाळी मंडळाची पोरं ती घरी येऊन परत देऊन गेली होती.

“एकतीस वर्षं देतोय,” काका म्हणाले. “यंदा म्हणतात, काका, या वर्षी राहू द्या. लोक बोलतायत.”

लोक काय बोलतायत ते मला ठाऊक होतं. रावपुऱ्यातल्या याच खोलीत, याच खुर्चीत बसून मी ते त्यांच्या तोंडी दिलं होतं.

मी एडिटर आहे. लग्नाच्या व्हिडिओंपासून सुरुवात केली, मग कंपन्यांच्या जाहिरातवजा फिल्म केल्या, आणि गेली सहा वर्षं माहितीपट करते. बडोद्याच्या आसपास विषयांना तोटा नाही. खतं, रंग, औषधं बनवणारे कारखाने आहेत आणि त्यांना लागून गावं आहेत. त्या उन्हाळ्यात आमच्या दिग्दर्शकाने अशाच एका गावावर फिल्म करायला घेतली. तिथल्या हातपंपाला लालसर पाणी येत होतं. बायका त्या पाण्याने भांडीसुद्धा घासत नव्हत्या, दीड किलोमीटरवरून डोक्यावर घागरी आणत होत्या. गावाच्या कडेला रंगांची रसायनं बनवणारे पाच-सहा छोटे कारखाने, त्यातला एक काकांचा.

काका आमच्या शेजारच्या वाड्यातले. काकू आणि माझी आई एकाच भजनी मंडळात. हे मी दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, “मग तर बरंच झालं, ते आपल्याशी मोकळेपणाने बोलतील.” आणि ते बोलले. एक्केचाळीस मिनिटं बोलले, सगळा कारखाना फिरवून दाखवला, निघताना युनिटमधल्या सगळ्यांना चहा पाजला.

फिल्म पुरी व्हायला अवकाश होता आणि पैसे संपत आले होते. तेव्हा ठरलं की एक मिनिटाची रील आधी टाकायची, लोकांचं लक्ष वेधायचं. दिग्दर्शकाच्या तोंडी सारखा एकच दाखला असायचा. एप्रिल २०२३मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर छोटासा व्हिडिओ केला. कंपनीची नोटीस आली, त्याने व्हिडिओ उतरवला, पण तोवर तो देशभर पोचला होता, आणि वर्ष संपायच्या आत कंपनीने साखर कमी केली. “एका मिनिटात एवढं होतं,” तो म्हणायचा, “दीड तासाची फिल्म बघतो कोण?” त्या व्हिडिओचा मुख्य जोर डब्याच्या मागे छापलेल्या आकड्यांवर होता, कुणीही डबा उलटा करून ते वाचू शकत होतं, ही गोष्ट तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही.

मी रील कापायला बसले. मुलाखतीत एक प्रश्न होता, “तुमच्या कारखान्याचं पाणी शेवटी जातं कुठे?” प्रश्न संपला आणि बाहेर एक टँकर मागे यायला लागला, त्याचा तो पीं पीं आवाज. ध्वनिमुद्रकाने हात वर केला, थांबा म्हणून. काका थांबले. एकदा त्याच्याकडे बघितलं, मग खाली टेबलाकडे. ओठ मिटले. चष्मा सारखा केला. टँकर गेला, हात खाली आला आणि काका सलग दोन मिनिटं बोलले. चुन्याची टाकी, तुरटी, खाली बसलेला गाळ, मग बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी खंभातच्या आखाताकडे नेणारी ५५ किलोमीटरची वाहिनी, १९८३ साली ती सुरू झाली तेव्हा ते स्वतः नोकरीत नवे होते ते सगळं.

मधला थांबा मोजून नऊ सेकंदांचा होता. मी टँकरचा आवाज काढून टाकला. शूटिंग संपल्यावर प्रत्येक खोलीत आम्ही अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतो, रूम टोन म्हणतात त्याला. तो मी त्या नऊ सेकंदांखाली अंथरला. पुढचं दोन मिनिटांचं उत्तर उडवलं आणि तिथे लाल पाण्याचा ओहोळ जोडला. ओहोळ गावाच्या दुसऱ्या टोकाचा होता, वेगळ्या दिवशी टिपलेला. हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. मी केलं आणि दिग्दर्शकाला हाक मारून दाखवलं. तो दोनदा बघून म्हणाला, “जबरदस्त.” मलाही तसंच वाटलं होतं. हात जमून आला की अंगातून एक लहर जाते, ती गेली होती.

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला एकदा सुपाचा वाडगा जोडला, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, दुःख दिसलं, वासना दिसली. शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी सांगते. कलेची जादू म्हणून सांगते. काकांच्या चेहऱ्याला मी लाल पाणी जोडलं आणि बघणाऱ्यांना चोर दिसला.

तीन दिवसांत रील सव्वादोन लाख लोकांनी पाहिली. खाली शेरे पडत होते. “चेहराच सांगतोय.” “बघा, बोबडी वळली.” कारखान्याचं नाव आम्ही दिलं नव्हतं, पण ज्याला ओळखायचं तो चेहरा ओळखतोच. अहमदाबादच्या एका व्यापाऱ्याने काकांची ऑर्डर थांबवली. आणि मग ते पाकीट परत आलं.

“मला सगळं बघायचंय,” काका म्हणाले. “पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

ज्याची मुलाखत घेतली त्याला कच्चं फुटेज दाखवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. दिग्दर्शक मुंबईला गेला होता. मी हार्ड डिस्क लावली. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, विश्वामित्री नदी वाढल्याचे फोन सकाळपासून येत होते, आणि आम्ही दोघं खोलीचा दिवा मालवून काकांनाच बघत बसलो.

तो प्रश्न आला. मी मूळ आवाज चालू ठेवला होता. पीं पीं, पीं पीं. पडद्यावर ध्वनिमुद्रकाच्या वर केलेल्या हाताचं टोक कोपऱ्यात दिसत होतं, रीलमध्ये मी फ्रेम किंचित मोठी करून ते घालवलं होतं. काका पुढे वाकले.

“टँकर होता ना इथे.”

“हो काका.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सून विचारत होती, बाबा, तुम्ही गप्प का बसलात? मला तिला सांगताच येईना गं. आठवतच नव्हतं. चार दिवस ती रील बघून बघून मलाच वाटायला लागलं, की मी खरंच गप्प बसलो असेन. काहीतरी लपवायचं असेल माझ्या मनात.”

या वाक्यानंतर मला फुटेज बंद करायचं होतं. त्यांनी हातानेच खूण केली, चालू ठेव.

एकतिसाव्या मिनिटाला कॅमेरा शुद्धीकरण टाकीजवळच्या टेबलावर जातो. तिथे नोंदवही उघडी पडलेली आहे. तारीख, वेळ, आत येणाऱ्या पाण्याचा पीएच, बाहेर जाणाऱ्याचा पीएच, सीओडी म्हणजे पाण्यात घाण किती ते सांगणारा आकडा, सही. कॅमेरामन त्या पानावरून सरकत जातो, सुरुवातीला फोकस हललेला आहे, मग अक्षरं लागतात. हा शॉट मी आधी चार वेळा बघितला होता. माझ्या वहीत त्याच्यापुढे लिहिलंय, “कटअवे, फोकस ढिला, नको.”

त्या दिवशी आकडे वाचले. बाहेरचा पीएच ७.२, ७.२, ७.१, ७.२. सीओडी १९०, १९५, १९०. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सीओडीची कायद्याची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे सगळं कसं व्यवस्थित. शूटिंग झालं त्या दिवशी क्लॅपवर १२ तारीख होती. वहीत १३ आणि १४ तारखेच्या ओळीही भरलेल्या होत्या. वेळेसकट, सहीसकट. सीओडीची चाचणी करायची तर नमुना दोन तास उकळत ठेवावा लागतो, हे काकांनीच त्या मुलाखतीत वीस मिनिटं आधी समजावून सांगितलं होतं. आणि इथे उद्याचं आणि परवाचं पाणी आजच तपासून झालं होतं.

मी फुटेज थांबवलं. काकांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला.

“मागे घे.”

मी मागे घेतलं. त्यांनी पडद्यावर बोट टेकवून तारखा वाचल्या. पुन्हा मागे घ्यायला लावलं. ऑपरेटरच्या सुट्टीबद्दल काहीतरी बोलायला लागले आणि वाक्य अर्धवट सोडून दिलं.

“हे होतं तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. “मे महिन्यापासून?”

“होतं.”

“मग माझं गप्प बसणं कशाला लावलंस?”

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. वहीतला आकडा वाचायला मान वाकवावी लागते, तारीख ताडून बघावी लागते. चेहऱ्याला काही लागत नाही. एवढंच मला कळतं आणि ते उत्तर नव्हे.

त्या संध्याकाळी दिग्दर्शकाला फोन करून मी रील उतरवायला लावली. वाद झाला, मोठा झाला. रात्री आम्ही खुलासा टाकला, टँकरच्या आवाजासकट ती नऊ सेकंद आणि पुढचं सगळं उत्तर. तो जेमतेम चार हजार लोकांनी पाहिला. त्यातले निम्मे कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी तोच खुलासा ‘फिल्मवाल्यांचा खोटेपणा उघड’ असा मथळा घेऊन माझ्याकडे तीन ठिकाणांहून परत आला. मग दिग्दर्शकाने नोंदवहीचा शॉट टाकला. अजिबात न कापता, पूर्ण. खाली पहिलाच शेरा होता, “हेही जोडलेलंच असणार.”

त्या शेऱ्याइतकं मला बाकी कशानेच लागलं नाही. हातपंपाच्या त्या बायकांकडे एक खरा पुरावा होता आणि तो मी माझ्या हाताने खोटा पाडला.

तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या फिल्म वेगळ्या नजरेने बघते. २००४ची ‘सुपर साइज मी’ आमच्या पिढीने डोक्यावर घेतली होती. महिनाभर फक्त मॅकडॉनल्ड्‌सचं खाणाऱ्या माणसाच्या यकृताची डॉक्टरांनी सांगितलेली अवस्था, हा तिचा मोठा आधार. २०१७मध्ये त्याच माणसाने जाहीरपणे लिहिलं, की गेल्या तीस वर्षांत मी आठवड्याहून जास्त कधी दारूशिवाय राहिलेलो नाही. फिल्ममध्ये त्याचा पत्ता नव्हता. फास्ट फूडबद्दल त्यात जे खरं होतं त्यालाही त्या दिवसापासून डाग लागला. उलट २०१३ची ‘ब्लॅकफिश’. ओर्का, म्हणजे शिकारी देवमासे, पाळून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या सीवर्ल्ड कंपनीने त्या फिल्मवर दिशाभूल केल्याचे आरोप केले, जंगी प्रचार केला. पण २०१०मध्ये ओर्लँडोत एका ओर्काने प्रशिक्षिकेचा जीव घेतला होता, त्यावर सरकारी खात्याने खटला चालवला होता, आणि त्यातल्या साक्षी कंपनीला पुसता येण्यासारख्या नव्हत्या. मार्च २०१६मध्ये कंपनीने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या फिल्ममध्येही कापाकापी आहे, संगीत आहे, चेहरे आहेत. मी धंद्यातली आहे, मला ते दिसतं. पण चेहरा काढून घेतला तरी खाली कागद उरतो.

काकांनी त्या दिवशी जाताना वहीच्या पानाचा प्रिंट मागितला. मी काढून दिला. तो त्यांनी वर्गणीच्या पाकिटात घडी करून घातला, पैशांबरोबरच, आणि छत्री उघडून निघाले. जिन्यात वळून म्हणाले, “आईला यातलं काही सांगू नकोस, ती काकूला सांगेल.” आईला मी त्याच रात्री सगळं सांगितलं. तिने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं.

फिल्म अजून पुरी झालेली नाही. मी ती पुन्हा पहिल्यापासून कापतेय. प्रश्न, टँकर, वर गेलेला हात, दोन मिनिटांचं उत्तर, आणि मग नोंदवहीचं पान, तारखा वाचता येतील इतका वेळ. दिग्दर्शक म्हणतो, हा भाग रेंगाळतो. रेंगाळतोच. गावातल्या एका बाईचा दर आठ-दहा दिवसांनी फोन येतो, “बेन, फिल्म क्यारे आवशे?” फिल्म कधी येणार? पाणी अजून लालच आहे का, हे विचारायची माझ्यावर वेळ येत नाही, ती आपणहून सांगते.

गणपती झाल्यावर काकांचाही फोन आला. “गुरुवारी कॅमेरा घेऊन ये,” म्हणाले. “वह्या ठेवतो समोर, मागच्या दोन वर्षांच्या. ऑपरेटरलाही बसवतो आणि मी पण बसतो. जे विचारायचं ते विचारा. आणि त्या वेळेत टँकर आत घेणार नाही.”

मी ध्वनिमुद्रकाला लगेच निरोप धाडला.