नशीब म्हणे!

मलावीत येऊन सहा महिने होतील आता, पण त्या रात्रीचं काही डोक्यातून जात नाही. इथे पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मलेरियाचा कहर तेव्हाच. तीन वर्षांचं पोर, आजीने सायकल टॅक्सीवर (कबाझा म्हणतात इथे) मांडीत घेऊन चिखलातून आणलेलं, फिट येऊन गेलेली, हिमोग्लोबिन फक्त ३. आर्टेसुनेट (मलेरियाचं औषध) होतं, लगेच दिलं, २०१० च्या एका मोठ्या आफ्रिकन ट्रायलमध्ये क्विनिन या जुन्या औषधापेक्षा याने मुलांचे मृत्यू साडेबावीस टक्क्यांनी कमी झाले होते, म्हणजे औषध एकदम बरोबर. पण औषध परजीवी मारतं, फुटलेल्या लाल पेशी थोडीच परत आणतं! रक्त हवं होतं आणि रक्ताचा फ्रीज रिकामा. आजीचा ग्रुप जुळेना, माझाही नाही. पहाटे गेलं पोर.

आजी रडलीसुद्धा नाही. 'चिफुनिरो चा मुलुंगू' एवढंच म्हणाली, देवाची इच्छा. मी मान हलवली आणि आतून असा भडकलो की काय सांगू. देवाचा काय संबंध यात? रक्ताची एक पिशवी आणि धड रस्ता, एवढंच तर हवं होतं! आणि मला उद्या ताप आला तर इन्शुरन्सवाले विमानाने उचलून नेणार, ते पण नशीबच का?

तिला यातलं काही बोललो नाही, तिच्याकडे तेवढाच तर आधार होता. कबाझावाला रात्रभर गेटपाशी थांबलेला, परतीचे क्वाचा (इथले पैसे) द्यायला गेलो तर त्याने घेतलेच नाहीत.