कॅप्सूल १-०-१

यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करताना मला अकरा वर्षे झाली. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार दर ५ वर्षांत ३० क्रेडिट गुण जमवावे लागतात, आणि गेल्या हिवाळ्यात एका रविवारी श्वसनविकारांवरील कार्यशाळेला मी गेलो तो, खरे सांगायचे तर, त्या गुणांसाठीच. अशा कार्यशाळांचा क्रम ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचे मनोगत यांत पहिला तास जातो, मग जेवण होते, आणि ज्यासाठी बोलावलेले असते ते प्रत्यक्ष काम निम्मे डॉक्टर सही करून निघून गेल्यावर सुरू होते. मी थांबलो, कारण माझी बस साडेचारची होती.

प्रशिक्षक छातीरोगतज्ज्ञ वयाने माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी प्रथम २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी लिहिलेल्या लेखाची आठवण करून दिली. जगातील सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याच्या आजाराच्या, रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नसते, असे त्यात मांडले आहे. हे मी वाचले होते, आणि वाचून विसरलोही होतो. त्यानंतर त्यांनी प्रत्येकाच्या हातात औषध नसलेले एकेक इनहेलर दिले आणि शेजारच्या डॉक्टरला ते वापरून दाखवायला सांगितले. सभागृहात थोडी हसाहशी झाली. एवढे शिकलेल्या माणसांना हे काय शिकवायचे, असे माझ्याही मनात आले.

माझ्या वाट्याला कोरड्या पावडरीचे, ज्यात कॅप्सूल घालून फिरवतात ते उपकरण आले होते. मी ते तोंडाला लावून सावकाश, लांब श्वास ओढला. ते म्हणाले, “सर, हा श्वास पंपाचा झाला.” दाबून मारायच्या पंपात औषध वायूच्या जोराने आपणच बाहेर येते, म्हणून श्वास संथ आणि लांब हवा. कोरड्या पावडरीत मात्र ती पावडर फोडून उडवण्याचे काम रुग्णाच्या श्वासानेच करायचे असते, म्हणून पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढावे लागते. उपकरणात फुंकायचे नाही, कारण ओलाव्याने पावडर चिकटते. पुढे दहा सेकंद श्वास रोखायचा आणि शेवटी कॅप्सूल खरेच रिकामी झाली का ते उघडून पाहायचे. अकरा वर्षे मी या दोन्ही प्रकारांसाठी “आरामात ओढा” एवढेच सांगत आलो होतो, आणि तेही गर्दी नसेल तेव्हा.

आमच्याकडे बुधवारी आठवडी बाजार असतो. बाजाराला आलेले लोक परतीच्या गाडीआधी दवाखाना उरकतात, त्यामुळे त्या दिवशी ओपीडी सव्वाशेच्या पुढे जाते आणि एका रुग्णाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. कार्यशाळेनंतरच्या बुधवारी, साडेबाराच्या सुमारास, पंचावन्न वर्षांच्या एक बाई नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपरांची घडी घेऊन समोर बसल्या. त्यांचा दमा मी दोन वर्षे हाताळत होतो. त्याआधी एका ठिकाणी थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ एक्स-रे पाहून त्यांना सहा महिने क्षयाची औषधे दिली गेली होती, आणि ही गोष्ट मी इतर डॉक्टरांना सांगताना माझ्या आवाजात थोडा तोरा असे.

दोन वर्षांत त्यांना विशेष उतार नव्हता. दर पावसाळ्यात आणि दर थंडीत धाप वाढली की मी पाच-सात दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देत होतो, श्वासनलिका सैल करणारी डेरिफायलिनची गोळी आणि इनहेलरची कॅप्सूल तर चालूच होती. आदल्या वर्षी साखर वाढलेली निघाली, तेव्हा ती मी वयावर ढकलली. औषध नियमित घेत नसाव्यात, असा शेरा मी एकदा लिहिलाही होता.

रविवारचे ताजे होते म्हणून म्हणालो, “मावशी, ती कॅप्सूल कशी घेता ते मला दाखवा बरं.”

त्यांनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून कागदात गुंडाळलेली एक कॅप्सूल काढली आणि इकडेतिकडे पाहिले. “पानी द्या ना जी थोडंसं.” घसा कोरडा झाला असेल असे समजून सिस्टरांनी पेला पुढे केला. बाईंनी कॅप्सूल जिभेवर ठेवली, मान मागे टाकली आणि गिळली. पेला खाली ठेवून, आपले काही चुकले तर नाही ना अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “पाण्यासंगंच घेतो जी. कोरडी कशी गियता येईन?”

सिस्टरांना हसू आले. मी केसपेपर उलगडले. प्रत्येक कागदावर माझ्याच अक्षरात त्या औषधाचे नाव होते आणि पुढे १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. तापाच्या गोळीपुढे लिहितो तसेच. उपकरणाचे नाव एकाही कागदावर नव्हते. तालुक्याच्या मेडिकलवाल्याने लिहिले तेवढे दिले, बाईंनी दिले तसे गिळले आणि दोन वर्षांत एकही डोस चुकवला नाही. कॅप्सूलमधील ब्युडेसोनाइड, म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड, पोटातून गेले की त्याचा सुमारे ९० टक्के भाग यकृतातच निकामी होतो. फुप्फुसापर्यंत जे पोहोचायचे ते पोहोचतच नव्हते, आणि ती उणीव मी साखर वाढवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भरून काढत होतो.

निदानाचीही आता खात्री उरली नव्हती. जवळच्या एका रुग्णालयात स्पायरोमीटर, म्हणजे फुंकेतली हवा मोजणारे यंत्र, आहे, परंतु त्याच्या मुखनलिका संपल्यापासून ते कपाटात बंद आहे, आणि पुन्हा मागवण्याची सही कोणी करायची यावरच पत्रव्यवहार अडला आहे. शेवटी मी त्या प्रशिक्षकांना फोन केला, आणि पुढच्या आठवड्यात ते स्वतःचे यंत्र घेऊन आमच्या केंद्रावर आले. त्यांनी पिशवीतून ३ लिटरची सिरिंज काढून आधी यंत्र तपासून घेतले, ते पाहून मला फार बरे वाटले.

चाचणी मात्र जमेना. नाकाला चिमटा लावून, चारचौघांत, पदर सोडून जोरात फुंकायची बाईंना लाज वाटत होती. निदान तीन फुंका निर्दोष यायला हव्यात आणि त्यांतील सर्वांत चांगल्या दोन फुंकांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको, तर बाई दोन सेकंदांत थांबायच्या. मग मी म्हणालो, “मावशी, राखेखाली विस्तव आहे, हाती फुंकणी आहे आणि जाळ धरेपर्यंत थांबायचं नाही.” पुढची फूक सहा सेकंदांच्या वर गेली. स्पेसरमधून, म्हणजे पंप आणि तोंड यांमध्ये धरायच्या नळकांड्यातून, श्वासनलिका उघडणारे साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम देऊन, १५ मिनिटे थांबून पुन्हा फुंकायला लावले. पहिल्या सेकंदातील हवेचे एकूण हवेशी प्रमाण ०.७० पेक्षा कमी असले की अडथळा धरतात, बाईंचे ०.५४ आले, आणि औषधानंतरही आकडे जवळजवळ हलले नाहीत. दम्यात ते सहसा सुधारतात. तो दमा नव्हताच, ती चुलीच्या धुराने झालेली सीओपीडी होती. चाळीस वर्षे कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जाळून स्वयंपाक केलेल्या बाईंना मी धुराविषयी एकदाही विचारले नव्हते. विडी ओढता का, एवढे मात्र विचारले होते. घरी उज्ज्वला योजनेचा सिलिंडर आहे, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता असतो, असे आशाताईंनी सांगितले. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या फुकट मिळतात आणि सिलिंडर भरायला पैसे लागतात, तेव्हा त्यावर उपदेश करण्याचा धीर मला झाला नाही.

आता त्यांना श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या टायोट्रोपियमचा पंप सुरू आहे. स्पेसर महाग पडतो म्हणून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला तापलेल्या तारेने पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून आणि कडा सीलबंद करून तो बनवला. दक्षिण आफ्रिकेत दमेकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली होती. बाई हापशीपर्यंत न थांबता जातात. घागर मात्र सून आणते. गेलेले फुप्फुस परत येणार नाही, हे मी त्यांना सांगितले आहे. मागची दोन वर्षे काय झाले, हे मात्र पूर्ण सांगितलेले नाही.

त्यानंतर मी ओपीडीच्या रजिस्टरातून हीच कॅप्सूल लिहिलेली नावे काढली आणि आशाताईंकडून एकेकाला बोलावून घेतले. गिळणारे आणखी दोघे निघाले. यादीतील एक आजोबा ऑगस्टमध्ये वारले होते. त्यांचा मुलगा बाजारात भेटला तेव्हा मी सहज विचारल्यासारखे विचारले, की आजोबा कॅप्सूल घेत होते ना. “हो जी, दोन्ही टाइम, न चुकता,” तो म्हणाला. पाण्यासोबत का, हे मी विचारले नाही.